अडॅप्टर, व्होल्टेज आणि सुटकेसमधला मिक्सर

सव्वापाच_अँपिअर :

एप्रिल-मे आला की तेच प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांत फिरायला लागतात. अमेरिकेला मिक्सर न्यावा का, युरोपला कुठला अडॅप्टर, जपानमध्ये आपला चार्जर चालेल का. उत्तरं दहा ठिकाणी विखुरलेली आहेत आणि त्यातली काही चक्क चुकीची आहेत. म्हणून हा एकच धागा. सुरुवात अमेरिकेपासून, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथलाच.

टॉप सॉकेटात बसेल का, हा एक प्रश्न. बसल्यावर यंत्र जगेल का, हा दुसरा. अडॅप्टर फक्त पहिला सोडवतो. त्याच्या आत पितळेच्या पट्ट्या असतात, त्या आपल्या गोल पिनांचा संबंध पलीकडच्या चपट्या पिनांशी जोडतात, बस्स. भिंतीत १२० व्होल्ट असतील तर अडॅप्टरमधून १२०च बाहेर येणार. दुकानदार ‘कन्व्हर्टर’ म्हणून शंभर-दोनशे रुपयांना जे हातात ठेवतो तो अडॅप्टरच असतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यंत्राच्या बुडाशी किंवा चार्जरच्या पोटावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. मोबाइलच्या टॉर्चखाली धरा आणि ‘इनपुट’ शब्दापुढची ओळ वाचा. ‘आउटपुट’ची ओळ इथे कामाची नाही.

‘१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं असेल तर ते जगात कुठेही चालेल, फक्त पिनांची सोय करा. (हर्ट्झ म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं.) मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरा यांचे आजकालचे बहुतेक चार्जर असेच असतात.

‘२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ’ किंवा ‘२२०-२४० व्होल्ट’ एवढंच असेल तर ते यंत्र अमेरिका, कॅनडा, जपान, तैवान अशा ठिकाणी नीट चालणार नाही. मिक्सर, इस्त्री, हेअर ड्रायर, किटली, इलेक्ट्रिक कुकर, इंडक्शन शेगडी ही सगळी मंडळी यातच येतात. ट्रिमर आणि इलेक्ट्रिक टूथब्रशचा काही भरवसा नाही. एकाच कंपनीचा एक चालतो, दुसरा नाही. वाचूनच ठरवा.

भारतात २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, अमेरिकेत १२० व्होल्ट ६० हर्ट्झ. नुसती उष्णता देणाऱ्या वस्तूची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १२० भागिले २३०, त्याचा वर्ग म्हणजे ०.२७. त्यामुळे आपली १५०० वॉटची किटली तिथे साधारण ४१० वॉटची होते. जळत नाही, पण लिटरभर पाणी उकळायला इथे साडेतीन-चार मिनिटं लागत असतील तर तिथे पाव तास. हजार वॉटची इस्त्री २७० वॉटची होते, तिने रुमालही धड होणार नाही.

उलट दिशेला गणित भयानक आहे. अमेरिकेतली १२० व्होल्टची १५०० वॉटची वस्तू आपल्या २३०वर लावली तर ती साडेपाच हजार वॉट खेचू पाहते. म्हणजे एमसीबी पडेल किंवा कॉइल उडेल, जे आधी होईल ते.

खमंग_फोडणी :

धागा वाचनखुणेत ठेवला. आता थेट विचारते. ७५० वॉटचा मिक्सर आहे, तीन भांडी. ट्रान्सफॉर्मर लावला की चालतो असं बरेच जण सांगतात. किती वॉटचा घ्यायचा? आणि अमेरिकेत कपडे वाळवायच्या ड्रायरला २४० व्होल्टचं सॉकेट असतं ना, मग तिथूनच मिक्सर का चालवू नये?

तारमास्तर :

ड्रायरचं आधी, कारण ते धोक्याचं आहे.

अमेरिकेत घरात १२०-१२० अशा दोन फेज येतात आणि मध्ये न्यूट्रल. ड्रायरचं २४० हे त्या दोन फेजांमधलं असतं. आपल्याकडे २३० म्हणजे एक फेज आणि एक न्यूट्रल. मिक्सरचा खटका एकच तार तोडतो. इथे ती फेज असते, म्हणून खटका शून्यावर आणला की आतली मोटर मेली. तिथे दोन्ही तारा जिवंत. खटका बंद करूनही मोटरचं वायंडिंग (आतली तारेची गुंडाळी) जमिनीच्या मानाने १२० व्होल्टवर राहणार. ओल्या हाताने भांडं काढताना आत एखादी तार उघडी पडलेली असली की झालं. शिवाय ड्रायरचा ब्रेकर ३० अँपिअरचा असतो. मिक्सरची बारीक वायर शॉर्ट झाली तर ब्रेकर पडेलही, पण नुसती जास्त तापत राहिली तर तो ढिम्म हलणार नाही. तो विचार डोक्यातून काढा.

आता ट्रान्सफॉर्मर. मिक्सरमध्ये ब्रशची युनिव्हर्सल मोटर असते, त्यामुळे ५० की ६० हर्ट्झ याने तिला फरक पडत नाही. फक्त व्होल्टेज पाहिजे. म्हणजे १२० चे २३० करणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लावला तर मिक्सर इथल्यासारखाच चालतो, हे खरं आहे. वॉटचं मात्र लोक चुकतात. ७५० चा मिक्सर म्हणून हजारचा ट्रान्सफॉर्मर घेतात. मोटर सुरू होताना काही क्षण कितीतरी जास्त प्रवाह खेचते, आणि भिजवलेली डाळ घट्ट झाली की चालतानाही ७५० च्या वर जाते. ट्रान्सफॉर्मरवर छापलेला आकडाही बऱ्याचदा फुगवलेला असतो. त्यामुळे दुप्पट धरा, म्हणजे १५०० चा, आणि २००० चा मिळाला तर उत्तम. तो दहा किलोच्या आसपास भरतो, त्यामुळे इथून नेण्यात अर्थ नाही, तिथेच घ्यावा. तुमच्या ओट्यावर पाटा ठेवल्यासारखा दिसेल, हेही आत्ताच सांगतो.

वापरायचा क्रम असा. मागचा ११०/२२० चा खटका ११०वर आहे ना ते पाहा. मिक्सर शून्यावर ठेवून त्याचा टॉप ट्रान्सफॉर्मरच्या ‘२२०’ लिहिलेल्या सॉकेटात घाला (शेजारीच ‘११०’चंही असतं). मग ट्रान्सफॉर्मर भिंतीत लावून चालू करा. तो एकदा ‘हुम्म’ करतो, ते ठीक. मग मिक्सर १ वर, नंतर २ वर. काम झालं की उलट्या क्रमाने बंद. ट्रान्सफॉर्मर रिकामा चालू ठेवला तरी तापतो आणि वीज खातो. ट्रान्सफॉर्मर सुरू करतानाच ब्रेकर पडत असेल तर तो दर वेळी बिघाड नसतो, मोठा गाभा पहिल्या क्षणी जोरात प्रवाह ओढतो. दोनदा-तीनदा तसंच झालं तर मात्र दुसरं सॉकेट बघा.

दुकानात मिळणारे बहुतेक ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतात, म्हणजे आत दोन वेगळी वायंडिंगं नसतात. त्यामुळे अर्थिंग अखंड पाहिजे. तीन पिनांचा टॉप दोन पिनांच्या सॉकेटात जात नाही म्हणून अर्थची गोल पिन पकडीने तोडणारे महाभाग आहेत. तसं करू नका.

आणि ट्रान्सफॉर्मर न लावता थेट १२०वर मिक्सर चालवून पाहू, असंही कोणी सुचवेल. पाणीदार ताक-बिक फिरेल. सुकं खोबरं किंवा शेंगदाणे घातले की पातं अडकणार. मोटर फिरताना स्वतः उलट्या दिशेचं व्होल्टेज तयार करते आणि प्रवाह आटोक्यात ठेवते; ती अडकली की ते उरत नाही आणि प्रवाह वाढतो. थंड करणारा पंखा त्याच शाफ्टवर असतो, तोही थांबलेला. बुडाखालचं लाल बटण (ओव्हरलोडचं) उडलं तर नशीब, नाहीतर वार्निशचा वास.

जर्सी_गाय :

तारमास्तरांना +१. पण ट्रान्सफॉर्मरच्या खर्चात आणि वजनात पडण्यापेक्षा ११० व्होल्टचाच भारतीय मिक्सर घ्यावा या मताची मी आहे. आपल्याकडच्या कंपन्या खास अमेरिका-कॅनडासाठी ११० व्होल्टची मॉडेलं बनवतात, ती तिथल्या भारतीय दुकानांत आणि ऑनलाइन मिळतात. तिथला ब्लेंडर चटणीला पर्याय नाही. त्याचं उंच भांडं पाणी घातल्याशिवाय फिरत नाही, सुकं वाटण भिंतींना चिकटून बसतं.

तिथल्या सॉकेटांबद्दल, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी:

सॉकेटला बटण नसतं. टॉप घातला की वीज आली. म्हणून मिक्सर किंवा इस्त्री घालताना आधी यंत्राचा खटका बंद, मग टॉप. नाहीतर ठिणगी उडते आणि पिना काळ्या पडतात.

स्वयंपाकघर आणि बाथरूममध्ये सॉकेटच्या मधोमध ‘टेस्ट’ आणि ‘रीसेट’ अशी दोन छोटी बटणं दिसतील. गळती प्रवाह जाणवला की ते सॉकेट स्वतःच बंद पडतं. ‘वीज गेली’ असं समजून तळघरातल्या ब्रेकरपर्यंत धावू नका, ‘रीसेट’ दाबून बघा. एका बटणवाल्या सॉकेटवर पुढची दोन-तीन साधी सॉकेटंही अवलंबून असतात, त्यामुळे शेजारचं मेलं असेल तरी बटण दुसरीकडे सापडतं.

तिसरी गंमत दिवाणखान्याची आणि बेडरूमची. वर-खाली जोडसॉकेटातलं अर्धं, म्हणजे दोनांपैकी एकच सॉकेट, दाराजवळच्या बटणाला जोडलेलं असतं. टेबललॅम्पसाठी केलेली ती सोय असते. रात्री दिवा मालवायला बटण दाबलं आणि सकाळी मोबाइल शून्यावर, ही तक्रार यातूनच येते. आई-बाबांची खोली ठरली की आधी एक दिवा आळीपाळीने दोन्ही सॉकेटांत लावून बटण वर-खाली करून पाहा.

एक चपटी पिन दुसरीपेक्षा रुंद असते, ती न्यूट्रल. टॉप एकाच बाजूने जातो. जोर लावायचा नाही, उलटा करायचा.

काळजीवाहू :

वडिलांचं सीपॅप यंत्र (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं) आणि आईचा नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारा). दोन्ही सहा महिने लागणार. यांचं कसं?

तारमास्तर :

दोघांचं उत्तर वेगळं आहे.

सीपॅपचा वीजपुरवठा वेगळ्या डबीतून येतो आणि बहुतेकांवर १००-२४०, ५०/६० असं छापलेलं असतं. तसं असेल तर ट्रान्सफॉर्मरची गरज नाही. फक्त डबी ते भिंत ही वायर बदला. डबीत शिरणाऱ्या खाचेचा आकार पाहा: इंग्रजी आठसारखी, तीन पाकळ्यांची, की संगणकाला असते तशी मोठी तीन पिनांची. हे तिन्ही आकार जगभर सारखे आहेत. तिथल्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अमेरिकी टॉपची तशी वायर मिळते. रात्रभर चालणाऱ्या यंत्राला लोंबकळणारा अडॅप्टर लावू नये. आणि वर सांगितलेलं अर्ध्या सॉकेटचं लक्षात ठेवा. दिव्याच्या बटणाबरोबर सीपॅप बंद पडता कामा नये.

नेब्युलायझरचं उलट. कॉम्प्रेसरवाल्याची पंपमोटर थेट भिंतीतल्या विजेवर चालते आणि ती व्होल्टेज व हर्ट्झ दोन्हींना बांधलेली असते. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज मिळेल, ६० चे ५० हर्ट्झ होणार नाहीत. लेबलवर २३० व्होल्ट ५० हर्ट्झ असेल तर तो घरीच राहू द्या. तिथे १२०/६० चा घ्या, किंवा यूएसबीवर किंवा सेलवर चालणारा जाळीचा नेब्युलायझर घ्या. त्यात कुठलं औषध चालतं ते मात्र डॉक्टरांना विचारून. मास्क आणि नळी नेता येते, फक्त तिथल्या यंत्राच्या तोंडाला बसते का ते बघा.

बीपीचं यंत्र सेलवर चालतं, तो प्रश्नच नाही.

पाटा_वरवंटा :

इडलीच्या पिठाचा टेबलटॉप वेट ग्राइंडर? तोही फक्त १५० वॉटचा असतो, मग छोटा ट्रान्सफॉर्मर पुरेल ना?

सव्वापाच_अँपिअर :

नाही. वॉट कमी असले तरी त्यात इंडक्शन मोटर असते, आणि तिचा वेग हर्ट्झ ठरवतात. ६० वर ती वीस टक्के जास्त वेगाने फिरायला जाणार. दगडाचं ओझं आणि पीठ धरून तिला ते झेपत नाही, कपॅसिटरही ५० हर्ट्झसाठी निवडलेला असतो. ग्राइंडर ११० व्होल्ट ६० हर्ट्झचाच घ्या, कोइम्बतूरवाले तोही बनवतात.

आपला टेबलफॅन, फ्रिज, कॉम्प्रेसर ही सगळी याच जातीची. इंडक्शन शेगडी वेगळ्या कारणाने बाद: कमी व्होल्टेजचा एरर दाखवून बंद होते.

भटकी_छत्री :

युरोप टूरवाल्यांसाठी. फ्रान्स-स्वित्झर्लंड-इटली हे आपल्याकडच्या ग्रुप टूरचं ठरलेलं त्रिकूट, आणि तिन्ही देशांची सॉकेटं वेगळी.

व्होल्टेजची काळजी नको, सगळीकडे २३० व्होल्ट ५० हर्ट्झ. पिनांचं मात्र असं: जर्मनी-ऑस्ट्रियाकडे गोल खोलगट सॉकेट, कडेला अर्थच्या दोन पट्ट्या. फ्रान्समध्ये तसंच खोलगट, पण अर्थची पिन सॉकेटातूनच बाहेर आलेली. स्वित्झर्लंडमध्ये षटकोनी लहान खळगा, त्यात जर्मन पद्धतीचा जाडजूड गोल टॉप शिरतच नाही. इटलीत तीन भोकं एका ओळीत.

या चारही ठिकाणी जाणारी एकच गोष्ट म्हणजे बारीक दोन पिनांचा चपटा टॉप, ज्याच्या पिना ४ मिलिमीटर जाडीच्या असतात. आणि आपल्या मोबाइल चार्जरला बहुतेक वेळा हाच असतो! म्हणजे फोनसाठी युरोपात अडॅप्टर लागतच नाही. लॅपटॉपचा तीन पिनांचा टॉप जात नाही, कारण आपल्या सहा अँपिअरच्या पिना साधारण ५.१ मिलिमीटरच्या आणि जर्मन भोक ४.८ साठीचं. दाबून घालता येतं असं काही जण अभिमानाने सांगतात. त्याने आतली पट्टी कायमची फाकते आणि नंतर येणाऱ्याचा बारीक टॉप त्यात सैल बसून ठिणग्या मारतो. हॉटेल तुमचं नाही, पण पुढच्या खोलीवाला तुमच्याच ग्रुपचा असू शकतो.

अवांतर : दुकानात ‘टाइप सी’ मागितलं तर यूएसबीची केबल मिळते. पिनांच्या जातींना ए, बी, सी अशी अक्षरं आहेत, त्यातली बारीक दोन पिनांची ‘सी’. यूएसबीच्या ‘सी’शी तिचं काही नातं नाही. आपला सहा अँपिअरचा ‘डी’, सोळाचा ‘एम’.

मेतकूट_भात :

खोलीत भात लावायला छोटा कुकर आणि किटली नेली जाते. व्होल्टेज तर सारखंच आहे. तरी अडॅप्टर वितळल्याचं ऐकू येतं ते का?

भटकी_छत्री :

कारण तोच ४ मिलिमीटरचा बारीक टॉप. तो अडीच अँपिअरपुरता आहे, म्हणजे २३० व्होल्टवर ५७५ वॉट. १५०० वॉटची किटली साडेसहा अँपिअर ओढते. चौकोनी ‘जगभर चालणारा’ अडॅप्टर त्याच बारीक पिनांवर भिंतीला लटकत असतो, वजनाने पुढे झुकतो, अर्धी पिनच टेकते. टेकण्याची जागा कमी म्हणजे उष्णता जास्त. आधी प्लॅस्टिक मऊ पडतं, मग पिनेच्या मुळाशी तपकिरी डाग, मग वास.

नियमाने एवढ्या किटलीला आपल्याकडे १६ अँपिअरचा जाड टॉप हवा, आणि तो बहुतेक प्रवासी अडॅप्टरांत जातच नाही. तो जात नाही म्हणून १६ चा ६ करणारा अजून एक तुकडा मध्ये घालणारे लोक आहेत. तीन तुकड्यांचा मनोरा.

किटली न्यायचीच असेल तर ५०० वॉटच्या आतली घडीची घ्या, किंवा जर्मनी-फ्रान्ससाठी अर्थसकट जाड पिनांचा १६ अँपिअरचा अडॅप्टर घ्या. तो स्वित्झर्लंडमध्ये बसणार नाही हे गृहीत धरून. पहिल्यांदा लावल्यावर दहा मिनिटांनी भिंतीतून काढून अडॅप्टरच्या पिनांना हाताची पाठ लावून पाहा. कोमट ठीक, चटका बसला तर बंद. हॉटेलच्या नियमांत खोलीत शिजवायला बंदी असेल तर अर्थातच हा सगळा विषय संपला.

खजूर_आणि_खारीक :

आखातातलं लिहितो. दुबई, मस्कत, दोहा, कुवेत, बहारीन सगळीकडे ब्रिटिश चौकोनी तीन पिनांचं सॉकेट. सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँगलाही तेच. सौदीतही व्होल्टेज २३०च, पण ६० हर्ट्झ, त्यामुळे तिथे मिक्सर चालेल, वर सांगितलेला ग्राइंडर नाही.

या सॉकेटात फेज-न्यूट्रलच्या भोकांवर झडपा असतात. अर्थची पिन लांब असते, ती आधी आत जाऊन झडपा उघडते. आपली मंडळी अर्थच्या भोकात पेनचं टोपण खुपसून झडप उघडतात आणि दोन गोल पिना आत ढकलतात. ही युक्ती घरोघरी माहीत आहे आणि ती वाईट आहे. गोल पिना चपट्या भोकात फक्त दोन कडांना टेकतात, अर्थिंग मिळत नाही आणि फ्यूजही नाही.

सव्वापाच_अँपिअर :

फ्यूजचा मुद्दा महत्त्वाचा. ब्रिटनमध्ये घरातली सॉकेटं गोल फिरवलेल्या एकाच तारेवर असतात आणि तिचा ब्रेकर ३२ अँपिअरचा. बारीक वायरीच्या टेबललॅम्पला तो ब्रेकर वाचवू शकत नाही, म्हणून प्रत्येक टॉपमध्येच फ्यूज बसवायची पद्धत आहे. साधारण ७०० वॉटपर्यंत ३ अँपिअर, त्यापुढे १३. आपला टॉप पेनच्या टोपणाने घुसवला की ३२ अँपिअर आणि तुमची वायर यांच्यामध्ये काहीच उरत नाही. त्यामुळे फ्यूजवाला अडॅप्टरच घ्या.

ब्रिटनमधल्या बाथरूममध्ये साधं सॉकेट मिळणार नाही. आरशाजवळ दोन पिनांचं ‘शेव्हर’चं असतं, ते फक्त दाढीच्या यंत्रापुरतं, आत छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. त्यात हेअर ड्रायर लावायचा प्रयत्न नको.

अवांतर : आपला गोल पिनांचा टॉप हा ब्रिटिशांचाच जुना. त्यांनी १९४७ मध्ये चौकोनी पिनांचं मानक आणलं, आपण गोलच ठेवला. तिथल्या नाट्यगृहांत दिव्यांसाठी १५ अँपिअरचा गोल टॉप अजून चालतो. काही हॉटेलांत टेबललॅम्पसाठी गोल पाच अँपिअरचं सॉकेटही दिसतं, त्यात आपला टॉप मस्त बसतो. पण ते खोलीच्या दिव्याच्या बटणावर, बऱ्याचदा डिमरवर असतं. लॅपटॉप तिथे लावू नका. दक्षिण आफ्रिकेत आपला १६ चा टॉप थेट जातो, ६ चा नाही.

तिबोटी_खंड्या :

जपान दोन ओळींत होईल का? अमेरिकेचाच अडॅप्टर चालेल असं वाचलं.

तारमास्तर :

अर्धं बरोबर. जपानमध्ये १०० व्होल्ट. १००-२४० लिहिलेला चार्जर चालतो. पण तिथली बरीच सॉकेटं दोनच भोकांची असतात, अर्थ नाही, आणि जुन्यांत दोन्ही भोकं सारख्या रुंदीची. अमेरिकेचा तीन पिनांचा अडॅप्टर त्यात जात नाही, आणि एक पिन रुंद असलेला दोन पिनांचाही अडतो. दोन्ही चपट्या पिना सारख्या असलेला, अर्थ नसलेला अडॅप्टर घ्या. तो अमेरिकेतही चालतो, फक्त हलक्या वस्तूंसाठी.

तोक्योकडे ५० हर्ट्झ आणि ओसाकाकडे ६०. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एकीकडे जर्मन जनित्रं आली, दुसरीकडे अमेरिकन, आणि ती फूट अजून सांधलेली नाही. चार्जरला त्याचा फरक पडत नाही.

एक सापळा: पिन अमेरिकेसारखी म्हणून व्होल्टेज अमेरिकेसारखं असं धरू नका. फिलिपिन्समध्ये चपट्या दोन पिना आणि २२० व्होल्ट. थायलंडमध्येही चपट्या पिना जातात आणि २३० येतात. अमेरिकेहून आणलेला हेअर स्ट्रेटनर तिथे सहज आत शिरतो, तेव्हा लेबल आधी वाचा.

उलट_टपाल :

मग अमेरिकेहून भारतात आणलेल्या वस्तू? १२० व्होल्टचा मायक्रोवेव्ह आणि पीठ मळायचं यंत्र.

सव्वापाच_अँपिअर :

मायक्रोवेव्ह आणू नका. आत जड ट्रान्सफॉर्मर असतो, तो ६० हर्ट्झसाठी बांधलेला. लोखंडाचा गाभा किती भरतो हे व्होल्टेज भागिले हर्ट्झ यावर ठरतं. तिथे १२० भागिले ६० म्हणजे २. इथे स्टेप-डाउन लावून ११५ दिले तरी ११५ भागिले ५० म्हणजे २.३. गाभा तुंबतो, यंत्र घरघरतं आणि तापतं. विजेच्या हर्ट्झवर चालणारं घड्याळ त्यात असेल तर ते तासाला दहा मिनिटं मागे पडतं, हे निदान लगेच दिसतं तरी.

पीठ मळायच्या यंत्रात ब्रशची मोटर असेल तर चांगल्या स्टेप-डाउनवर चालतं. एक धोका दोन्ही प्रकारांत आहे: घरात १२० व्होल्टची वस्तू ठेवली की कधीतरी कोणीतरी ती अडॅप्टर लावून थेट भिंतीत घालतो. टॉपलाच लाल चिकटपट्टी गुंडाळून ठेवा.

प्रवासी दुकानांत ‘२००० वॉट कन्व्हर्टर’ म्हणून मुठीएवढी हलकी डबी मिळते ती ट्रान्सफॉर्मर नव्हे. ती विजेची लाट कापून सरासरी कमी करते. इस्त्री-ड्रायरसारख्या नुसत्या तापणाऱ्या वस्तूला काही मिनिटं चालते, आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेल्या वस्तूला लावली की ते सर्किट गेलं. ओळखायचं वजनावरून: खरा २००० वॉटचा ट्रान्सफॉर्मर एका हाताने उचलताना कुरकुर होते.

मेतकूट_भात :

इथला एक्स्टेंशन बोर्ड अमेरिकेला नेला तर? एक अडॅप्टर आणि चार चार्जर.

जर्सी_गाय :

साधा असेल तर चालतो. वॉटचा हिशेब बदलतो एवढंच: सहा अँपिअरचा बोर्ड इथे १३८० वॉट झेपवतो, तिथे १२० व्होल्टवर ७२०. चार्जरांना भरपूर, हीटरला नाही. उलटं मात्र करू नका. अमेरिकेचा सर्ज प्रोटेक्टरवाला (अचानक वाढलेलं व्होल्टेज अडवणारा) बोर्ड आपल्या २३०वर लावला की आतले सर्ज शोषणारे तुकडे फुटतात, आवाज आणि धूर दोन्ही.

अडॅप्टर घेताना अर्थ पुढे जातो का ते बघा. चौकोनी बहुउपयोगी अडॅप्टरांपैकी बऱ्याच जणांत तिसरं भोक फक्त नावाला असतं, मागे जोडलेलं नाही. धातूच्या बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावर मनगटाला झिणझिण्या आल्या तर तेच कारण. चार्जरच्या आतल्या कपॅसिटरमधून येणारा तो अगदी किंचित प्रवाह असतो, घाबरायचं नाही, पण अर्थिंग नाही हे त्यावरून कळतं. चार्जरच्या तीन पाकळ्यांच्या खाचेत अमेरिकी टॉपची वायर घातली की संपलं.

खमंग_फोडणी :

ठरलं, मिक्सर इथेच ठेवते, तिथे ११० चा घेऊ. पण माझी चटणीची भांडी तरी नेता येतील का?

जर्सी_गाय :

त्याच मॉडेलची ११० व्होल्टची आवृत्ती घेतलीत तर बसण्याची शक्यता चांगली आहे, कारण फरक मोटरमध्ये असतो. दुसरं मॉडेल घेतलंत तर नाही. दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत: भांड्याच्या बुडाची दातेरी चक्री आणि मिक्सरवरचा रबरी कपलर यांचे दाते, आणि भांडं फिरवून अडकवायच्या खाचांमधलं अंतर. झाकणाची रबरी रिंग आणि एक जादा कपलर इथूनच घेऊन ठेवा, हे तुकडे तिथे शोधत बसावं लागतं. भांड्याच्या बुडाचा आणि मिक्सरच्या डोक्याचा सरळ वरून काढलेला फोटो इथे टाका, शेजारी पट्टी ठेवून. मॉडेलचं नावही लिहा, मग सांगते बसतील का.